मी राखलेलं कुरण

आता हसू नका, पण आमच्या गावच्या कुरणात चोरी होत होती आणि ती पकडायला मी झाडावर चढलो होतो. चहा येईस्तोवर ऐकाच.

हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव. आणीबाणी उठली त्या साली ग्रामपंचायतीत मीच हट्ट धरला, की गावच्या चराईच्या जमिनीचा अर्धा भाग पावसाळाभर बंद ठेवायचा. गवत वाढू द्यायचं, दसऱ्यानंतर कापायचं. लोक कुरकुरले. सरपंच म्हणाले, "ठीक आहे. पण गवत नाई आलं तं पुन्हा हा विषय काढू नका, भाऊ."

काट्यांचं कुंपण घातलं, राखण माझ्याकडे आली. आणि माझा स्वभाव कसा? पेरलेलं बी उकरून पाहणारा! गवत किती वाढलं? गवतातला पवन्या आधी वर येतो की कुसळी? राहवेच ना. रोज सकाळी काटे सरकवून आत जायचो, काठी लावून गवत मोजायचो नि नाल्याकडून घरी यायचो. मागे राहायची ती माणसापुरती फट, तिला काय लावत बसायचं?

श्रावणात पाहतो तर गवत वाढायचं सोडून कमी होतंय! शेणही ताजं. आता हे कोणाचं काम? आमची गुरं तर रामाजी गुराखी राखायचा. मग उरलं नाल्यापलीकडचं गाव. मी त्यांच्या पाटलांना तावातावानं बोलून आलो. बात इतकी वाढली, की पोळ्याला एकमेकांकडे जाणं बंद झालं.

शेवटी पाटीलच आले. म्हणाले, "दाखवा मंग. मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा काटे सरकवून आत गेलो. पाटील पळसाआड बसले, मी मोहाच्या झाडावर चढलो.

थोड्या वेळानं घंटी वाजली. फटीतून एक गाय आत आली. बघतो तर आमची चंद्री! तिची आई लवकर मेली, म्हणून मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. मी परसाकडे निघालो तरी मागे यायची. ती जमीन हुंगत सरळ माझ्या झाडाखाली आली आणि वर पाहून हंबरली. कळपात पुढे चालायची तीच, त्यामुळे मागून गावची सगळी गुरं आली. शेवटी रामाजी, बिडी ओढत.

मी वरूनच विचारलं, "रामाजी, बंद कुरणात गुरं काऊन आणली?"

त्यानं शांतपणे वर पाहिलं. "मले वाटलं, तुमीच मोकळं केलं. रोज तुमीच तं काटे सरकवून पुढं जाता. चंद्री तुमच्या मागं, गुरं तिच्या मागं, अन् मी गुरांच्या मागं."

पाटील पळसाआडून उठले. हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "चोर तं सापडला. आता उतरवा त्याले खाली."

पाटलांची माफी मागितली. सरपंचांपुढे हात जोडून आणखी एक पावसाळा मागून घेतला. पुढच्या वर्षी गवत कंबरेला लागलं, लोक पाहायला आले. मी मात्र कुंपणाबाहेरूनच पाहिलं. गुरांना दसऱ्यापर्यंत बंदी होती, मला कायमची.