पाटावर बसलेला पितळी हत्ती

देव आहे की नाही या भानगडीत मी कधी पडलो नाही. देवाच्या नावानं हात जोडून बसणाऱ्यांचा मात्र मला संताप यायचा. वऱ्हाडच्या हद्दीत, निजामी पोलिसांचा हात पोचणार नाही अशा जागी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची आमची छावणी होती, आणि तिथं पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं. ‘घंटा बडवून जुलूम हटत नाही’ हा मथळा माझाच. तू एका पितळी हत्तीपुढं मुकाट्यानं हात जोडशील, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्यावरही एक पत्रक काढलं असतं.

हत्ती माझ्या आक्काचा. मुठीत मावेल एवढा, एका कानाचं टोक झिजलेलं. हस्त नक्षत्र लागलं की आमच्या गोरेगावकडं पोरी अंगणात हादगा मांडायच्या. पाटावर हळदी-कुंकवानं हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायला लावायची. इतरांकडं काढलेला हत्ती असायचा, आमच्याकडं खरा सोंडेचा. म्हणून गल्लीतल्या साऱ्या पोरी आमच्याच अंगणात. आक्का सांगायची, हा आभाळातला हत्ती आहे, सोंडेनं शेवटचं पाणी टाकतो, त्यावर रब्बी येते. त्याला पाहुण्यासारखं बसवावं. हत्तीवर छत्री धरायचं काम माझं. तेवढा मान मला पुढं कुठल्याही सभेत मिळाला नाही. आजही हस्ताचा गडगडाट ऐकला की आधी ओल्या हळदीचा वास येतो, मग बाकीचं आठवतं.

मी चळवळीत निघालो त्या साली आक्का शिरड शहापूरला सासरी होती. भाऊबीजेला ओवाळणीत टाकायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. तिनं ओवाळलं आणि उलट हत्तीच माझ्या हातावर ठेवला. मी चिडलो.

“आमी लढाया चाललो, अन् तू खेळणं देऊन राहिली?”

“खेळणं न्हाई बाबा. माघारी येशील तवा घेऊन ये. म्हंजे मला वाटंल, तू येनार हाईस.”

पुढच्याच वर्षी, हस्ताच्या तोंडावर, छावणीत निरोप आला. आक्काचा ताप अकरा दिवस उतरत नव्हता, तिनं अन्न सोडलं होतं, आणि एकच म्हणत होती, हत्ती घेऊन ये म्हणावं. माझ्या नावाचं वॉरंट निघालेलं. सगळे नको म्हणत असताना मी निघालो, आणि निघताना पिशवीत पत्रकांचा गठ्ठा कोंबला. बहीण मरणाच्या दारात, तरी रिकाम्या हातानं हद्द ओलांडणं मला कमीपणाचं वाटलं. अशी आमची अक्कल.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना एका खेड्याशी पावसानं गाठलं. पुढं ओढा भरलेला, मागं घरोघर झडती घेत येणारे निजामी पोलिसांचे जवान. मी समोर दिसलं त्या अंगणात शिरलो. तिथं वेगळीच रडारड चालली होती. हादग्याचा पहिला दिवस, आणि पाटावरचा हत्ती पावसानं धुऊन नेलेला. दहा-बारा पोरी मुसमुसत उभ्या. त्या घरच्या मावशीनं माझा अवतार पाहिला.

“काहून पळून राहिला रं?”

खोटं बोलायला वेळ नव्हता. मी पिशवी उघडून दाखवली. कागदांवर हत्ती बसलेला.

“आगं माय! हत्ती सोताच्या पायानं चालत आला की!”

पुढचं सगळं तिनं केलं. गठ्ठा पाटाखाली, पाटावर हत्ती, त्याला हळद-कुंकू, आणि माझ्या हातात एक फाटकी छत्री. पाऊस ओसरला होता. पोरींनी फेर धरला न धरला तोच जमादार दारात.

“क्या चल रा यहाँ? ये कौन?”

“हादगा हाय साहेब, लेकीबाळींचा खेळ. हे माझ्या भावाचं लेकरू. हत्ती घेऊन आलं.”

जमादारानं पाटाकडं बोट केलं. “उठाव उसको.”

मी छत्री हत्तीवर आणखी खाली धरली. मावशी मात्र कमरेवर हात देऊन उभी राहिली. “आधी खिरापत ओळखा. ओळखल्याबिगर हादगा उठत न्हाई. आमचा कायदा हाय.”

आणि तो माणूस, कसा कोण जाणे, विचारात पडला. “चने?”

“न्हाई!” पोरी एका सुरात ओरडल्या.

“गुड-खोपरा?” “न्हाई!” “लाही?” “न्हाई!”

“हार गये जमादार साब,” मागचे जवान हसायला लागले. मावशीनं त्याच्या हातावर तीळ लावलेली काकडी ठेवली. “ये बी कोई चीज है,” असं पुटपुटत, ती खात खात तो निघून गेला.

ओढ्याचं पाणी उतरल्यावर मी हत्ती मागितला. मावशीनं मान हलवली. “बसवलेला हत्ती सोळा दिवस उठत न्हाई, लेकरा.”

मी तडकलो. “माझी बहीण मरून राहिली, अन् तुमी रीत सांगता? मला वाचवायपुरता तर मांडला!”

“कशापायी का मांडला असंना, मांडला तर खरा.”

“मग कागद तरी द्या.”

“पाट हलवल्याबिगर कागद कसे निघतील?”

सगळ्यांत धाकटी पोरगी, असेल चार वर्षांची, दोन्ही हातांनी पाट धरून बसली होती. मला तो हिसकावता आला असता. वाद घालण्यात मी पटाईत, पण एवढ्याशा पोरीशी काय वाद घालणार? मी हत्तीपुढं हात जोडले. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणालो आणि निघालो.

औंढ्याच्या अलीकडं नाक्यावर पोलिसांनी मला धरलं. पिशवी उलटी केली, सदरा चाचपला. निघाल्या दोन भाकरी आणि एक धोतर. “जाव,” म्हणाले. मागं न बघता मी शिरडची वाट धरली.

आक्का ओळखू येत नव्हती. डोळे उघडून तिनं आधी माझे हात पाहिले. मी उशाशी बसून घडलं तसं सगळं सांगितलं.

“पोरी किती व्हत्या?”

“धा-बारा.”

“धाकटीला मधी घेतलं व्हतं का?”

“पाट धरून बसली व्हती.”

मग आक्का म्हणाली, “राहू दे तितंच. आन् मला पेज दे थोडी.” तिच्या सासूनं हातातलं टाकलं आणि चुलीकडं धावली.

ताप कशानं उतरला ते मी सांगू शकत नाही. वैद्याचे काढे चालूच होते. मला एवढंच ठाऊक आहे की कागद आणि हत्ती, जे दोन्ही मी घट्ट धरून चाललो होतो, ते वाटेत काढून घेतलं गेलं, म्हणून मी पोचलो. कुणी काढून घेतलं त्याचं नाव मला माहीत नाही, आणि आता ते विचारावंसंही वाटत नाही. जुलमाविरुद्ध मी आजही तितक्याच कडकपणे लिहितो. पण सगळं माझ्याच हातानं व्हायला हवं, हा हेका सुटला. निजामी गेली, आता मी उजळ माथ्यानं शिरडला येतो. आक्का अंगणात शेंगा फोडत बसली आहे. मी हे लिहीत असताना तिनं दोनदा हाक मारली. जो कुणी असेल त्याला माझा नमस्कार. आता उठतो.