तापलेला अंगठा

मला माझ्या बायकोच्या हातांचा हेवा वाटतो. तिच्या हुशारीचा नाही, माहेरच्या श्रीमंतीचा नाही, हातांचा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं? आम्ही दोघंही फिजिओथेरपिस्ट. सोलापुरात एकाच खोलीत, मध्ये हिरवा पडदा टाकून, दोन पलंगांवर आमचा दवाखाना चालतो. बोर्डावर माझं नाव वर आहे, तिचं खाली. कॉलेजात मी तिच्या पुढे होतो, मार्कही मलाच जास्त. पण दारात चपला काढणाऱ्यांना यातलं काही दिसायचं नाही. ते एकच विचारायचे, "मॅडम आहेत का?"

उजनीच्या काठच्या गावातून एक मावशी गुडघ्यासाठी यायच्या. माझा पलंग रिकामा असायचा. मी म्हणायचो, "या मावशी, मी बघतो." त्या पदर सावरून बाकावर आणखी घट्ट बसायच्या. "ऱ्हाऊ द्या की डाक्टर. बाईंचं होऊ द्या. मला कुटं गडबड हाय?" आणि पाच मिनिटांनी पुन्हा स्वतःच म्हणायच्या, "गाडी चुकतीय आता बगा."

पडद्यापलीकडचं मला सगळं ऐकू यायचं. बायको काम करताना फारसं बोलत नाही. आधी पेशंटचं कण्हणं, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एक लांब 'हां' यायचा. माझ्या पलंगावर तो 'हां' कधी आलाच नाही असं नाही, पण मला तो मागून घ्यावा लागायचा. "आता बरं वाटतंय ना?" असं विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. तिला विचारावं लागायचं नाही. तिच्यासाठी लोक शेंगाचटणी आणायचे, कडक भाकरी आणायचे, आणि पिशवी माझ्या हातात देऊन सांगायचे, "मॅडमना द्या." ती चटणी मी आवडीनं खायचो आणि खाताना जळायचो.

मी तिला कधी टाकून बोललो नाही. मत्सर असा उघडा फिरत नाही. "तू एकेकाला फार वेळ लावतेस," एवढंच अधूनमधून म्हणायचो, काळजी असल्यासारखं.

शहराच्या पूर्व भागातले एक म्हातारे दर शनिवारी तिच्याकडे यायचे. तेलुगू घर, दाराशीच माग, जन्म चादरी विणण्यात गेलेला. आता माग मुलाच्या हातात होते. त्यांना गाऊट होता. रक्तात युरिक अॅसिड वाढतं, सांध्यात त्याचे बारीक खडे साचतात, आणि एखाद्या दिवशी सांधा पेटतो. त्यांचा उजव्या पायाचा अंगठा पेटायचा. गोळ्या त्यांच्या डॉक्टरांच्या चालू होत्या. पण दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही अंगठा ताठर राहायचा, मग ते पाऊल वाकडं टाकायचे आणि गुडघा, कंबर सगळंच धरायचं. त्या शांत काळात बायको त्यांचा घोटा आणि अंगठा हलक्या हातानं मोकळा करायची. तिचा एक नियम होता, आणि तो पुस्तकातलाच होता: सांधा तापलेला असेल तर हात लावायचा नाही. बर्फ, पाय उंचावर, आणि थेट डॉक्टरांकडे. म्हातारे तिला अम्मा म्हणायचे. मटण आणि बीर यावरून अम्मा त्यांना लहान मुलासारखं रागवायची आणि ते खूश व्हायचे.

सोमवारी ती बार्शीच्या एका दवाखान्यात जायची. चारेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका सोमवारी म्हातारे भिंतीला धरत आले.

"मॅडम नाहीत आज," मी सवयीनं म्हणालो.

"माहीत आहे की. म्हणून तर आलो." ते पलंगावर टेकले. "काल व्याह्यांकडे जेवण होतं. मटण केलेलं. नाही कसं म्हणायचं? मुलीचं सासर आहे."

"आणि?"

"आणि दोन बाटल्या बीर. गार होती हो डॉक्टर! अम्माला कळलं तर मला दारात उभं करणार नाही. तुम्ही सांगू नका."

"आता काय होतंय?"

"रात्रीपासून चावतंय जरा. ती ओढून मोकळं करते बघा, तसं करा. तुमचा हात तर केवढा मोठा."

मी हाताची मागची बाजू अंगठ्यावर ठेवली. गरम होता. शंका घ्यायला जागा नव्हती. कातडी किंचित चमकत होती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. बर्फाची पिशवी देऊन, रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच काम होतं. पण मग ते शनिवारी पुन्हा बाकावर बसून तिचीच वाट बघणार होते. आणि आज, काही का कारणानं असेना, माणूस तिला चुकवून माझ्याकडे आला होता. मला त्यांचा 'हां' हवा होता.

मी अंगठा धरला. ओढला, सरकवला, वाकवला. "थोडं दुखेल," म्हणालो. म्हाताऱ्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. 'हां' आला नाही. उतरताना ते सभ्यपणे म्हणाले, "बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा तिला फोन आला. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. पाऊल सुजून अंगठा जांभळट झाला होता. त्यांनी पांघरुणातून तो पाय बाहेर काढून उशीवर ठेवला होता.

"जन्मभर चादरी विणल्या," ते म्हणाले, "आणि आता चादरीचं टोक लागलं तरी बोंबलतोय. बघ अम्मा माझी गंमत."

ती हसली नाही. मुलगा डॉक्टरांना आणायला गेला होता. ती पायाशी बसली. "मामा, खरं सांगा. काय खाल्लं होतं?"

"काही नाही अम्मा. वरणभात."

"खरंच?"

"तुझी शपथ." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "शनिवारी मी अंगठा वाकवला. तेव्हाच आत सुरू झालेलं असणार. माझ्या हाताला कळलं नाही."

म्हाताऱ्यांनी मान फिरवली. मी खिडकीकडे बघितलं. त्यांचं मटण मी झाकलं, माझा सोमवार त्यांनी झाकला. ठरवलं कुणीच नाही.

परत येताना ती मागून म्हणाली, "अहो, मला कसं नाही कळलं?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. दमली होतीस तू."

ते मी फार मायेनं म्हणालो. आणि म्हणताना मला आतून गोड वाटलं. मला लिहायला सगळ्यात जड हे वाक्य जातंय, पण ते खरं आहे.

त्यानंतर पडद्यापलीकडून हाक यायला लागली. "अहो, जरा बघता? हा गुडघा गरम लागतोय का?" मी जाऊन हात ठेवायचो. "नाही, कर तू." तरी ती करायची नाही. हळूहळू ती फक्त व्यायाम शिकवायला लागली. मग बार्शीही सोडलं. लोक माझ्या पलंगावर आले. आता ते दारात विचारतात, "सर आहेत का?" चटणी माझ्या नावानं येते. तरी परवाच एकजण माझ्या हाताखाली पडल्या पडल्या म्हणाला, "मॅडम आता हात लावत नाहीत का? त्यांचा हात वेगळा होता." आणि मी पुन्हा तसाच जळलो.

मटण-बीरनं अंगठा पेटलाच असता, अशी स्वतःची समजूत मी बरीच वर्षं काढली. पेटलाही असता. पण तिनं हात मागे घेतला तो मटणामुळे नाही.

गेल्या महिन्यात म्हातारे काठी टेकत आले आणि आम्हा दोघांसमोर बसले. "अम्मा, त्या वेळी मी खोटं बोललो. मटण खाल्लं होतं. बीर पण."

"किती?"

"दोन बाटल्या. दीड म्हण. व्याही पण होता की."

ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. तिचं असं हसणं मी विसरलोच होतो. म्हातारे माझ्याकडे वळून थांबले. त्यांची बाजू सांगून झाली होती, माझ्यासाठी त्यांनी जागा सोडली होती. मी चहा सांगायला उठलो.

ते गेल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे कदाचित माझा हात..." ती थांबली. "पण शनिवारी वाकवला तर मीच होता." आणि व्यायामाचे पट्टे आवरायला लागली.

शनिवारी सांधा शांत होता आणि तिचा हात बरोबर होता. सोमवारी तो गरम आहे हे मला कळलं होतं, तरीही मी तो वाकवला. हे मी तिला समोर बसून, माझ्या तोंडानं सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.