तारघरामागची भेग

तारघरात पाणी भरायला येणाऱ्या मावशींनी माझी नोकरी वाचवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी कटकटच जास्त आहे.

दर्यापूरच्या बाजूला एका लहान गावातल्या तारघरात मी कच्च्या नेमणुकीवर होतो. घर मालवणकडे, शाळा सातवीलाच सुटलेली, तारेची परीक्षा कशीबशी निघालेली. उन्हाळ्यात इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार होते. त्यांनी ‘ठीक’ लिहिलं तर कायम, नाहीतर ट्रंक उचलून परत घरी.

चैत्र लागला आणि अकोल्याहून येणारे शब्द फाटके यायला लागले. कडकट्ट वाजता वाजता यंत्र मध्येच मुकं व्हायचं. डॉट गळायचे, डॅशचे तुकडे पडायचे. मी ‘पुन्हा पाठवा’ म्हणायचो, तर तेही तिकडं अर्धंच पोचायचं. एकदा अकोल्याच्या तारबाबूंनी विचारलं, ‘झोपलास का?’ दोन दिवसांत तेवढं एकच वाक्य धड आलं.

बाकावर कापसाचे एक दलाल तारेची वाट बघत बसलेले असायचे. ते म्हणाले, “बाबू, मी पायी अकोल्याले जाऊन आलो असतो.”

पोस्टमास्तर अमरावतीचे, शिकलेले. चष्मा पुसत ते म्हणाले, “यंत्राला काही झालेलं नाही. कान तयार असावा लागतो. तो शाळेत तयार होतो.”

मलाही आतून तेच वाटत होतं.

तरी जे हाती लागलं ते केलं. चावीची टोकं घासली, बॅटरीत पाणी घातलं, स्क्रू आवळले, लाइनमनबरोबर उन्हात खांब पाहत हिंडलो. एका सकाळी चावीची स्प्रिंग बदलली आणि दुपारपर्यंत सगळं स्वच्छ आलं. मी मोठ्या तोऱ्यात पोस्टमास्तरांना सांगूनही आलो. दुपारनंतर पुन्हा तेच. त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मी मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. मावशी घागर घेऊन आल्या.

“बाबू, काहून रडून राहिले?”

“रडत नाही मी.”

“मंग डोये काहून लाल?”

मी यंत्राचं रडगाणं सांगितलं. त्यांनी भिंतीकडं बोट केलं. “ते तुमची तार जमिनीत जाते ना, तिथं भेग पडली. माहा अख्खा पंजा जाते अंदर. आधी मी भांड्यायचं पाणी तिथंच टाकत होती. आता पोस्टमास्तरसाहेबांच्या संत्र्यायले टाकतो. आज सकायी तेवढी घागर तिथं कलंडली.”

सकाळी, म्हणजे मी स्प्रिंग बदलली तेव्हाच.

खांबांवरून एकच तार जाते आणि वीज परतते ती जमिनीतून, हे मला शिकवलेलं होतं. त्यासाठीच भिंतीमागं पत्रा पुरलेला होता. पण आमच्या मालवणकडची जमीन अशी फाटत नाही. मी जमिनीच्या वरचं सगळं तपासलं, खाली पाहिलंच नाही. काळी माती सुकून पत्र्यापासून सुटली होती. तिच्या वाट्याचं पाणी पोस्टमास्तरांनी शेंदूरजनाघाटहून हौसेनं आणलेल्या कलमांना जात होतं.

“पोस्टमास्तरांना कसं सांगू मी?”

“नका सांगू. मी आणतो एक खेप जास्तीची.”

विहीर गावाबाहेर होती, पाणी तळाला गेलेलं. तरी तपासणीपर्यंत रोज एक घागर त्या भेगेत गेली. माझे कान आपोआप सुधारले.

इन्स्पेक्टरसाहेब आले, स्वतः चावीवर बसले, अकोल्याशी बोलले. मागं ओली जमीन बघून खूश झाले. “ही दक्षता कुणाची?”

“आमच्याकडं तशी पद्धतच आहे,” पोस्टमास्तर म्हणाले.

मावशी चार पावलांवर घागर घासत होत्या. मी तोंड उघडलं नाही. साहेबांनी ‘ठीक’ लिहिलं.

आज मी अकोल्याला आहे, पक्का नोकर. मावशी अजून तिथंच, रोजंदारीवर. त्यांना कायम करावं म्हणून दोनदा अर्ज लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला, कारण त्यात मी गप्प राहिल्याचंही लिहावं लागतं. ते लिहीन. ते पाणी कुणी ओतलं हे वरच्या साहेबांसमोर उभं राहून सांगेन आणि मावशींच्या नेमणुकीचा कागद स्वतः त्यांच्या हातात नेऊन देईन.