हे पाय कॅमेऱ्यात नकोत

“हे पाय कॅमेऱ्यात नकोत. ऊठ.”

टीचरम्मा तमिळमध्ये बोलली. हळूच, पण पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल एवढं. चर्चच्या कमिटीत तिचा शब्द शेवटचा. तिने माझ्या साडीचा काठ दोन बोटांनी उचलून धरला होता, मेलेला उंदीर उचलावा तसा.

पवित्र गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीसमोर बारा खुर्च्या, आणि सगळं टिपायला कॅमेरा. आमच्या गल्लीतलं कुणी कधी त्यांवर बसलं नव्हतं. त्या वर्षी फादरनी माझं नाव घेतलं. आई आठवडाभर माझ्या टाचा विटकरीने घासत होती, एरंडेल चोळत होती. पण मी मंगल कार्यालयात भांडी घासते. दिवसभर पाय पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. त्या एरंडेलाने जातात होय?

मी उठले. “सरी, अम्मा,” म्हटलं. बरं, बाई. वर हसलेसुद्धा. माझ्या खुर्चीवर तिची भाची बसली, नखं लाल रंगवलेली. फादरनी पाहिलं. मग हातातल्या टॉवेलची घडी नीट करत राहिले.

नंतर दाराशी मला म्हणाले, “देवावर सोपव, अम्मा. समर्पणात समाधान आहे.”

घरी आई रडली. म्हणाली, “पोरी, पायीची वहाण पायीच बरी.” आमचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या तबेल्यात लीद काढायचे. तिथूनच मराठी आमच्या घरात आली, आणि ही म्हणही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तरी म्हण काही गेली नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही नाही. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, पण कार्यालयात जेवणावळ होती, सुट्टी कुठली! नळाखाली सांबाराची पातेली घासत होते. पायावर गरम पाणी सांडलं, तेही उशिराच कळलं. पाय लाल झाला होता. मी बघत राहिले.

बघता बघता वाटलं, मी आजवर देवावर सोपवलं तरी काय? मॅनेजरने शिवी दिली, देवावर सोपवलं. शेवटच्या बाकावर बसवलं, देवावर सोपवलं. मूग गिळायचे आणि त्याला भक्ती म्हणायचं. देवाचं नाव घेऊन मी ज्याच्यात्याच्यापुढे वाकत होते. अगं बाई, येशूच्या त्या कोळी शिष्यांचे पाय तरी कसले असतील? मासळीचे, शेणामातीचे. आधी घासून या, असं येशूने त्यांना सांगितलं होतं का? धुतलेलेच पाय धुवायचे, तर पाणी कशाला?

तिथंच, खरकट्या पाण्यात उभी राहून म्हटलं, प्रभू, घे. चिखल्यांसकट घे. हे पाय तुझे. मीही तुझी. दुसऱ्या कुणाची नाही.

मग शांत वाटलं. गोडबिड काही नाही. भीती तेवढी गेली होती. पातेली राहिली होती, ती घासली.

पुढच्या पवित्र गुरुवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी लवकर गेले. चपला दाराशी काढल्या आणि त्याच खुर्चीवर बसले. टीचरम्मा आली.

“ऊठ.”

“नाही, अम्मा.”

कॅमेरा सुरू झाला होता. तिला ओरडता येईना. फादर तांब्या घेऊन आले, वाकले. माझ्या पायांवर वरूनच पाणी सोडलं. हात लावला नाही. टॉवेल माझ्या मांडीवर टाकला, माझे मी पुसावेत म्हणून. मी पुसले नाहीत. ओले पाय घेऊन शेवटपर्यंत बसले.

आई म्हणते, “मिळालं ना समाधान? आता पुरे कर.”

मिळालं, आई. आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. मला त्यांच्याकडून काही नको, म्हणून तर मला आता कुणी उठवू शकत नाही. यंदाच्या गुरुवारीही मी तिथंच बसणार. फादर हात लावोत, न लावोत. टाचांना विटकर लावणार नाही.