चौथी चौकट

दत्ता गेला त्या दिवशी मी पुण्यात होते. कुरुंदा सोडलं तेव्हा मला फाट्यावर बसमध्ये बसवून देणारा तोच, माझा धाकटा भाऊ. "तू तिकडं कापत बस, मी हिकडं काढत बसतो," म्हणाला होता. तसंच झालं. तो गावाकडची लग्नं तीन कॅमेऱ्यांनी टिपायचा, कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं पाठवायचा, आणि मी इथे संगणकावर तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून त्यांतून एक लग्न जोडायची.

तीन कॅमेरे एका क्षणावर आणायचे तर खूण लागते. कॅमेरे सुरू करून दत्ता समोर यायचा, टाळी वाजवायचा, "ताई, हितून घे" म्हणायचा. टाळ्या जुळल्या की तेवढा तुकडा मी काढून टाकत असे. कामाची रीतच ती. कुरुंद्यातल्या माझ्या माणसांनो, तुमच्या लग्नांत तो सगळीकडे होता आणि कुठेच दिसत नाही. तेराव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आई म्हणाली, "हे आपलं लेकरू न्हाई." मग घर बंद करून मी तिला इकडे आणलं. फ्लॅटमध्ये ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

दत्ताचे कॅमेरे आता त्याचा जोडीदार सलीमभाई चालवतो. तो टाळी वाजवत नाही. आवाजावरून सॉफ्टवेअरच चित्रं जुळवतं. परवा शिरड शहापूरच्या एका लग्नाची कार्डं आली. जुळवणी झाली आणि पडद्यावर चार चौकटी उघडल्या. मी फोन केला.

"सलीमभाई, कॅमेरे किती लावले होते?"

"तीनच की ताई. चौथा लावाया मी काय पिक्चर काढून राहिलो?"

चौथ्या चौकटीत, मंडपाच्या दारात, दत्ता उभा होता.

कारण नंतर कळलं. एका कार्डावरची त्याची जुनी क्लिप पुसायची राहिली होती. मंडपवाला तोच, आणि त्याच्या कर्ण्यावर दर लग्नात वाजणारी सनईही तीच. सॉफ्टवेअरने सनई ओळखली आणि दत्ताला या लग्नात नेऊन उभं केलं. हे सगळं मला समजतं. पण त्याने टाळी वाजवली, तेव्हा शेजारच्या चौकटीतल्या नवरीने मान वळवून मंडपाच्या दाराकडे पाहिलं. मी पुन्हा लावून बघितलं. ती दर वेळी बघते.

मी चित्र थांबवलं. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"काहून थांबवलंस गं त्याला?" ती म्हणाली. "येऊन राहिला ना तो."

मी सुरू केलं. "ताई, हितून घे."

"हां," आई म्हणाली. "हे हाय आपलं."

लग्नवाल्यांना तीन कॅमेऱ्यांचं लग्न गेलं. गावाकडे कधी येणार, असं तुम्ही फोनवर विचारता. आईला विचारलं की ती म्हणते, लेकरू हितं हाय. कुरुंद्याच्या घराला कुलूप आहे. आई आता पडद्याकडे तोंड करून बसते.