स्थळ क्रमांक सात

माझ्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न महिन्यावर आलं असताना मी घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. आधी आतली खासगी फाईल स्वतःच्या हातानं डिलीट केली आणि मगच निश्चिंत झालो. आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त मला कळतं (असा माझा समज होता).

साताऱ्याच्या एमआयडीसीतून कामावरून परत आलो, तर कॉम्प्युटरचा कोपरा रिकामा!

"भंगारवाला येऊन गेला?"

"न्हाई, विट्याचं पाव्हणं आलं हुतं," बायको म्हणाली. पाव्हणं म्हणजे आमचे होणारे व्याही. "भंगारात द्यायचाय म्हटल्यावर म्हणालं, द्या हिकडं, मी शिकतो. गेलं बी गाडीत घालून."

"असू दे. फाईल पुसलीय मी."

अश्विनीनं मोबाईलमधून मान वर काढली. "अप्पा, रिसायकल बिन रिकामं केलं का?"

"ते काय असतं?"

"आवं, पुसलेली फाईल तिथंच पडून असती! कुणीबी परत काढतंय. कॉम्प्युटर देताना हार्ड डिस्कच काढून ठेवायची असती. काय हुतं त्या फाईलीत?"

"तुझी स्थळं."

"शेऱ्यांसकट?"

मी पंख्याकडे बघू लागलो. दोन वर्षं स्थळं बघताना मी प्रत्येकापुढे साहेबासारखा शेरा मारून ठेवला होता. स्थळ क्रमांक सात, विटा : 'मुलगा उत्तम. आई शांत. बाप अखंड बोलतो, जाताना कानात कापूस घालणे. चहा दोनदा उकळलेला.'

"लग्न मोडलं ना अप्पा, तर जन्मात बोलणार न्हाई तुमच्यासंगं!" तिचे डोळे भरून आले. तिला मुलगा मनापासून आवडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच एसटी पकडली. सीटवर बूड टिकेना. पाव्हण्यांना फोन लावला, एंगेज. उंब्रज आल्यावर पुन्हा लावला, एंगेज. कराडला ड्रायव्हर चहाला उतरला, मी गाडीभोवती सात फेऱ्या मारल्या आणि पुन्हा लावला. एंगेज! (शेरा चुकीचा नव्हता, एवढंच समाधान.) कंडक्टर म्हणाला, "काका, बसा की गप. गाडी काय तुमच्या चालण्यानं पळणाराय व्हय?"

विट्यात पोचलो. पाव्हणे दारातच उभे.

"या पाव्हणं! बसा. चहा घ्या, एकदाच उकळलाय."

आतून विहीणबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये चहा, पाणी आणि एका वाटीत स्वच्छ पांढरा कापूस!

"पाव्हणं, तुम्ही ती... कचऱ्यातून..."

"आवं, पस्तीस वर्सं मद्रासला सोनं गाळलं आमी. दुकानातला केर कवा फेकला न्हाई. झाडून गोळा करायचा, जाळायचा, त्यातनं बी सोनं निघतंय! तुमच्या कॉम्प्युटरात कचऱ्याचा डबा दिसला. म्हटलं, चाळून बघू."

मी हात जोडले. "चूक माझी हाय. मला काय बी बोला, पण पोरीचं लग्न मोडू नका."

पाव्हणे गप्प झाले. गेल्या सहा महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा गप्प झाला होता, आणि मला ते अजिबात सहन होईना. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

"सोयरीक करताना आमी बी कस लावून बघितला हुता. वाचा."

मी वाचलं. 'मुलगी चोवीस कॅरेट. आई बावीस. बाप पितळ, पण नडणार नाही.'

आणि दोघं नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हार्ड डिस्क त्यांनी आधीच काढून ठेवली होती, ती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "पुन्यांदा द्याल तवा आधी ही काढा," असंही सांगितलं.

लग्न थाटात झालं. मांडवात पाव्हणे सलग दोन तास बोलले. मी समोरच्या खुर्चीत, कानात कापूस न घालता, पितळेसारखा चकाकत बसून राहिलो!