फीडर चारवरून न आलेला फोन

फीडर चारच्या पॅनेलवरचा लाल टॅग मी काढला होता. उजव्या हाताची बोटं स्विचवर होती. तो स्विच उजवीकडे फिरवला की ब्रेकर बसतो आणि लाईनमध्ये अकरा हजार व्होल्ट जातात. बाहेर मार्चचं ऊन, आत ट्रान्सफॉर्मरची नेहमीची गुणगुण. दुपारचे दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी स्विच फिरवणार, तेवढ्यात मला हसू आलं. त्या हसण्यामुळे दोन माणसं वाचली.

आधी थोडं कामाविषयी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

धारगळला हमरस्ता सोडून आत गेलं की सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, एक खाजगी औद्योगिक वसाहत आहे. तिच्या सबस्टेशनवर मी ऑपरेटर होतो. बाहेरून मोठ्या दाबाची वीज येते, आम्ही ती कमी दाबाची करून आतल्या कारखान्यांना वाटतो. सबस्टेशनमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लाईनला फीडर म्हणतात. आमचे असे सहा फीडर.

दुरुस्तीसाठी लाईनमन खांबावर चढणार असला की तो आधी आमच्याकडे ‘लाईन क्लिअर’ मागतो. आम्ही ब्रेकर पाडून लाईन बंद करतो, ती जमिनीला जोडतो म्हणजे अर्थिंग करतो, स्विचवर ‘माणसं कामावर आहेत’ असा लाल टॅग अडकवतो आणि लाईनमनला एक नंबर देतो. तो नंबर फक्त आम्हा दोघांना माहीत. शिवाय लाईनमन ज्या खांबावर काम करतो तिथे स्वतःचं वेगळं अर्थिंग लावतो. काम संपून माणसं खाली उतरली की लाईनमन फोन करून तोच नंबर परत सांगतो. नंबर जुळला की लॉगबुकात नोंद करायची, अर्थिंग काढायचं, टॅग काढायचा, मग लाईन चालू. नंबर चुकला तर कशालाही हात लावायचा नाही. पद्धत साधी आणि चांगली आहे. मात्र फोनवर समोर खरंच कोणीतरी आहे, हे तिने गृहीत धरलेलं आहे.

त्या दिवशी फीडर चारवर भिवादा काम करत होता. भिवादा बांद्याच्या बाजूचा. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. खांबावर चढण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. त्याच्याबरोबर एक जोडीदार होता. सव्वा अकराला त्याने लाईन क्लिअर घेतली. मी त्याला नंबर दिला, सदतीस.

दोन वाजून आठ मिनिटांनी फोन आला. आवाज भिवादाचा. मागे वारा. तो म्हणाला, “साहेब, काम संपलं. सगळी माणसं खाली उतरली. लाईन चालू करा. नंबर सदतीस.” मी लॉगबुकात लिहिलं, ‘१४.०८, फीडर ४, लाईन क्लिअर परत, नं. ३७.’ पॅनेलकडे गेलो. टॅग काढला.

आणि हसू आलं ते ‘साहेब’वरून. सतरा वर्षांत भिवादाने मला साहेब म्हटलेलं नव्हतं. तो फोनवर ‘हां प्रकाश, आयक’ असंच सुरू करतो. मला वाटलं, मी सुपरवायझरच्या परीक्षेला बसतोय हे याला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. त्याची थोडी फिरकी घ्यावी म्हणून मी स्विचवरचा हात काढला आणि फोन लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग तो बोलला. धापा टाकत होता.

“काय भिवादा, आज एकदम साहेब?”

“कोण साहेब?”

“अरे, आत्ता फोनवर म्हणालास ना.”

“मी फोन करूक नाय. आमी अजून वरच आसंव. हयलां अर्थिंग आताच काढलां, फुडल्या खांबार लावचां आसा. कित्याक, काय झालां?”

मला वारा ऐकू येत होता. तोच वारा, मघाचा.

“प्रकाश? आयकतंस मां?”

“काही नाही,” मी म्हणालो. “खाली उतरा. दोघंही. आत्ताच्या आत्ता.”

फोन ठेवला आणि पॅनेलकडे वळलो. टॅग पुन्हा अडकवला. मग अर्थिंग बघायला गेलो. आमच्या बाजूचं अर्थिंग निघालेलं होतं. ते काढायला मागच्या खोलीत जावं लागतं, एक कुलूप उघडून दांडा खाली ओढावा लागतो. कुलूप उघडलेलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी त्या खोलीत गेल्याचं मला आठवत नव्हतं.

मी दांडा वर केला आणि कुलूप दोनदा तपासलं. मग स्टेशनचा मोबाईल उघडला. सव्वा अकराच्या भिवादाच्या फोननंतर त्यावर एकही फोन आलेला नव्हता. त्यानंतर फक्त दोन तेराचा, मी त्याला केलेला.

पॅनेलच्या खोलीत मी एकटा होतो आणि मला पहिल्यांदाच तिथे एकटं राहण्याची भीती वाटली. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटत नव्हतं. त्याहून वाईट वाटत होतं. खुर्चीवर मी बसलो होतो आणि मघाशी कुलूप उघडून आलेलाही मीच होतो. त्या दुसऱ्याची मला काही माहिती नव्हती. आणि नंबराचं काय? भिवादाने सांगितला म्हणून मी मानला. पण सदतीस हा आकडा मलाही माहीत होताच की.

आता इथपर्यंत मी कसा आलो ते सांगतो.

आदल्या दिवाळीनंतर कंपनीने आमच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं एक शिबिर ठेवलं होतं. बाहेरून आलेला वक्ता चांगला बोलायचा. जास्त झोपणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो, असं त्याचं सांगणं होतं. मला ते लागलं. सतरा वर्षं मी ऑपरेटरच होतो. मी ठरवलं, सुपरवायझरची परीक्षा द्यायची. कारापूरच्या घरी पहाटे साडेतीनला उठून अभ्यास सुरू केला. पाव घेऊन पोदेर दारात येण्याआधी मी स्कूटर काढलेली असायची. सातला ड्युटी. त्यातच आमचा एक ऑपरेटर नोकरी सोडून गेला. त्याची शिफ्ट कोण करणार असं इन्चार्ज नाईक सरांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. सुपरवायझर होणाऱ्याने मागे राहायचं नसतं, असा माझा हिशोब. सात ते तीनची ड्युटी रात्री नऊपर्यंत गेली. अडीच महिने असं चाललं. मला त्याचा अभिमान होता.

घरी सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आधीच लक्षात आलं होतं. जेवताना ती मध्येच विचारायची, “आत्ता कोणाशी बोललात?”

“तूच विचारलंस ना, पाणी आलं का म्हणून?”

“मी काहीच विचारलं नाही.”

असं तीन-चार वेळा झालं. एकदा ती ताट सोडून माझ्याकडे बघतच राहिली. “माझ्या आवाजात ऐकू आलं?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. त्या रात्री ती मुलीच्या खोलीत झोपली. मी रागावलो नाही. मला वाटलं, तिला माझी प्रगती सोसवत नाहीये. हे आता लिहितानाही लाज वाटते.

तर त्या दुपारी मी नाईक सरांना फोन केला. “सर, मला पॅनेलवरून उठवा. दुसऱ्या कोणाला पाठवा.”

ते दहा मिनिटांत आले, बरोबर दुसरा ऑपरेटर घेऊन. मी त्यांना बाहेरच्या खोलीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

“प्रकाश, काही झालंय का? नाही झालं. तुझ्या नावावर एक चूक नाही आजवर. परीक्षा दोन महिन्यांवर आहे. हे वर कळलं तर तुझी फाईल तिथंच थांबेल. आपल्यातच ठेवूया.”

खरं सांगतो, मला ते हवं होतं. मी मान डोलावलीसुद्धा. मग सर म्हणाले, “ती आजची नोंद बघू दे. चुकून लिहिली म्हणून लाल रेघ मारू.” मी लॉगबुक आणलं. ते पानं उलटू लागले आणि एका पानावर थांबले. दर तासाला आम्ही मीटरचे आकडे लिहितो. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो बहुतेक रिकामाच. त्या पानावर शेऱ्यात लिहिलं होतं, ‘सगळी माणसं खाली उतरली.’

“त्या दिवशी काम होतं?”

“नव्हतं, सर.”

आम्ही आणखी मागे गेलो. आठ दिवसांपूर्वी तेच वाक्य. त्याच्या आधीच्या एका रविवारी, वसाहत पूर्ण बंद असताना, पुन्हा तेच. त्या दिवशी खांबावर कोणी चढलेलंच नव्हतं.

“हे तू लिहिलंस?”

“अक्षर माझं आहे.”

“कधी?”

“मला माहीत नाही, सर.”

नाईक सर बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग त्यांनी वही मिटली आणि हात पुढे केला. “किल्ल्या दे,” म्हणाले. आपल्यातच ठेवण्याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट आम्ही दोघांनी बसून लिहिला. त्यांनी त्यात स्वतःचंही नाव घातलं, एका माणसाला सलग चौदा तास बसवलं म्हणून.

म्हापशाच्या डॉक्टरांनी मला फार काही विचारलं नाही. किती तास झोपतो, किती दिवस, एवढंच. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही जागेपणी स्वप्न बघत होता. हात रोजचं काम करत राहतात, डोकं झोपलेलं असतं. डोकं मग जे ऐकायची सवय आहे ते ऐकवतं. किंवा जे ऐकायला आवडेल ते.”

साहेब हा शब्द कुठून आला असेल ते मला तिथे, त्यांच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

भिवादाला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी स्टोअरच्या मागे काजूच्या सावलीत तो जेवायला बसला होता तिथे गेलो. सगळं सांगितलं. टॅग, कुलूप, स्विचवरची बोटं. तो जेवत राहिला. डबा झाकून ठेवला.

“आवाज माझोच होतो?” त्याने विचारलं.

“तुझाच. मागे वारासुद्धा होता.”

“आणि सगळी खाली उतरली म्हणान सांगलंय.”

“हो.”

तो शांतपणे म्हणाला, “मगे तो मी मेल्यावरचो आसतलो.”

तो हसला नाही. मीही नाही. नंतर डबा पिशवीत घालताना म्हणाला, “बायलेक सांगू नको. ती माका खांबार चढाक दिवची नाय.” पुढे बरेच महिने कामाला सुरुवात करण्याआधी तो सबस्टेशनमध्ये येऊन जायचा. खुर्चीवर कोण आहे, त्याचे डोळे कसे आहेत ते बघायचा. मगच लाईन क्लिअर मागायचा. कोणी त्याला हटकलं नाही.

मला पॅनेलवरून काढून तीन महिने स्टोअरमध्ये ठेवलं. त्या वर्षीची परीक्षा हुकली. पहिले पंधरा दिवस मी नुसता झोपत होतो. मग हळूहळू घरात कोण काय बोलतं ते ऐकू येऊ लागलं. मुलगी नववीत आहे आणि तिला गणित आवडत नाही हे मला तेव्हा समजलं. संध्याकाळी तिला शिकवायला बसलो. तिला ते फारसं आवडलं असं नाही. सुनंदाने महिनाभर वाट पाहिली, माझं ऐकणं तपासलं आणि मग परत आमच्या खोलीत आली.

पुढच्या वर्षी परीक्षा दिली, सकाळी सहाला उठून. पास झालो. मार्क बेताचेच पडले. आता सुपरवायझर आहे. आमच्याकडे पद्धत बदलली आहे. लाईन क्लिअर परत आल्याचा फोन आला की ऑपरेटरने फोन ठेवायचा, स्वतः लाईनमनला उलट फोन लावायचा आणि तो दुसऱ्या एका माणसाने ऐकायचा. सलग दोन शिफ्ट कोणालाच मिळत नाहीत, मागितल्या तरी. नव्या ऑपरेटरांना वाटतं मी फार शंकेखोर आहे.

दमलेला माणूस चुकतो, हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते हे की दमलेल्या माणसाची खात्री शाबूत असते. दोन वाजून बारा मिनिटांनी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भिवादाने मला साहेब म्हटलं नसतं, तर मी स्विच फिरवला असता आणि लॉगबुकात वेळ नीट लिहिली असती.